तेलाचा एक थर आणि तीन बायका

मागच्या महिन्यात आम्ही कापूर, पाणी आणि एक मोठी थाळी घेऊन एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. पाण्यावर कापराचा बारीक तुकडा टाकला की तो भिंगरीसारखा गरगरा फिरतो, हे दाखवायचं होतं. पंधरा-वीस जणी थाळीभोवती वाकून बसल्या. आम्ही कापूर टाकला. तो जिथं पडला तिथंच पडून राहिला. आम्ही दुसरा तुकडा टाकला, तिसरा टाकला. एक आजी म्हणाल्या, "अगं, तुमच्या कापराला झोप लागली."

चूक कापराची नव्हती. थाळी दिसायला लख्ख होती, पण सकाळी तिच्यात भाजी वाढलेली होती आणि घासताना तेलाचा अंश राहून गेला होता. तो पाण्यावर पसरला, डोळ्यांना दिसला नाही, पण कापराला समजला. पाण्याच्या वरच्या बाजूला ताणलेल्या पापुद्र्यासारखा एक ताण असतो. कापूर विरघळतो तिथं तो ताण कमी होतो, दुसरी बाजू जास्त जोरानं ओढते, म्हणून तुकडा पळतो. तेलानं आधीच सगळीकडचा ताण उतरवून ठेवला असेल, तर ओढणार कोण?

घरी येताना आम्ही एकमेकींना म्हटलं, आजचं बोलणं याच फजितीपासून सुरू करायचं. कारण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका मुलीपुढं हीच अडचण होती, आणि तिनं ती सोडवली. स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता.

तिच्याकडे जाण्याआधी एक छोटी गोष्ट. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन १७५७ मध्ये जहाजातून इंग्लंडला निघाले होते. ताफ्यातल्या दोन जहाजांच्या मागचं पाणी त्यांना गुळगुळीत दिसलं, बाकीच्यांच्या मागं लाटा. कप्तानाला विचारलं, तर तो म्हणाला, आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतलं असेल. पुढं फ्रँकलिननी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकून पाहिलं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरावर गेलं आणि पाणी आरशासारखं शांत झालं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एक चमचा तेल वीस गुंठ्यांवर, तर थर किती पातळ असेल? फ्रँकलिननी तो हिशेब मांडला नाही. १७७४ मध्ये लेख छापला आणि तिथंच सोडलं. चमचाभर तेलात किती जणांची भाजी होते हे त्या आचाऱ्यांना विचारलं असतं, तर हिशेब कदाचित तेव्हाच झाला असता. हे आपलं आमचं मत.

आता ती मुलगी. अ‍ॅग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२, व्हेनिस शहरातला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. त्या भागात हिवतापाचा जोर, घरातल्या सगळ्यांच्याच तब्येती बिघडल्या. वडिलांना लवकर निवृत्ती घ्यावी लागली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आलं. अ‍ॅग्नेस तिथं मुलींच्या शाळेत शिकली. भौतिकशास्त्राची तिला विलक्षण ओढ. पण तेव्हा तिथं मुलींना विद्यापीठात घेत नव्हते. पुढं घ्यायला लागले, तेव्हा आईवडिलांनीच सांगितलं की तू जाऊ नकोस. दोघांची आजारपणं होती, घर कोणी बघायचं? धाकटा भाऊ फ्रीड्रिख मात्र शिकायला गेला, भौतिकशास्त्रज्ञ झाला. चांगला भाऊ होता तो. आपली पुस्तकं बहिणीला पाठवायचा.

अ‍ॅग्नेस अठरा-वीस वर्षांची असताना तिचं लक्ष धुण्याच्या पाण्याकडे गेलं. तेलकट पाणी, साबणाचं पाणी, स्वच्छ पाणी, प्रत्येकाचा वरचा पापुद्रा वेगळा वागतो. हे आपल्याही रोजच्या डोळ्यांसमोरचं आहे. कढईच्या पाण्यावर तेलाचे डोळे तरंगतात, साबणाचा एक थेंब पडला की ते काठाकडे पळतात. अ‍ॅग्नेसनं ठरवलं, हे मोजायचं.

मोजायचं म्हणजे आधी पाणी खरोखर स्वच्छ हवं, आणि तिथंच ती आमच्यासारखी अडली. पाण्यावर तेलाचा अंश आहे की नाही हे दिसतच नाही. मग १८८२ च्या सुमारास तिनं पत्र्याचं एक लांबट पात्र केलं. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर खोल. त्यात काठोकाठ पाणी भरायचं आणि आडवी एक पत्र्याची पट्टी अशी ठेवायची की तिची खालची बाजू पाण्याला टेकेल. पट्टी एका टोकाकडून दुसरीकडे सरकवली की पाण्याच्या वरची सगळी घाण पुढं ढकलली जाते आणि मागं कोरं, स्वच्छ पाणी उरतं. अंगण झाडतो तसं तिनं पाण्याचं तोंड झाडलं! आणि पट्टी उलट सरकवली, की पसरलेलं तेल हवं तेवढं दाटीत आणता येतं.

ताण मोजायला तिनं एक लहानसं बटण घेतलं, ६ मिलिमीटर रुंदीचं. औषधं तोलायच्या नाजूक तराजूला ते टांगलं, पाण्याला टेकवलं, आणि वर ओढून सुटेपर्यंत किती वजन लागतं ते लिहून ठेवलं. जेवढं वजन जास्त, तेवढा पाण्याचा ताण जास्त.

या साध्या साहित्यातून तिला जे दिसलं ते मोठं होतं. पट्टी सरकवत तेलाची जागा कमी करत गेलं, तर बराच वेळ काहीच होत नाही, ताण स्वच्छ पाण्याएवढाच राहतो. मग एका ठरावीक जागेपाशी तो एकदम घसरू लागतो. यात्रेच्या मैदानात माणसं विखुरलेली असतात तोवर कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. मैदान आवळत आणलं, की एका क्षणी खांद्याला खांदा लागतो, आणि तिथून पुढं रेटारेटी सुरू होते. अ‍ॅग्नेसला जो क्षण सापडला तो तेलाच्या रेणूंचा खांद्याला खांदा लागण्याचा होता. रेणू म्हणजे पदार्थाचा सगळ्यात बारीक कण, ज्याच्या पुढं फोडलं तर तो पदार्थच राहत नाही.

हे सगळं वहीत होतं. जवळपास दहा वर्षं वहीतच राहिलं. छापणार कुठं? घरात बसलेल्या मुलीचं कोण ऐकणार? तेवढ्यात तिनं वाचलं की इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करताहेत. रॅलेंनी ८४ सेंटिमीटर रुंदीच्या टबात पाणी भरून त्यावर कापूर नाचवला होता, आणि तो थांबायला किती ऑलिव्ह तेल लागतं ते तोललं होतं. थराची जाडी निघाली मिलिमीटरच्या दहा लाख भागांतली जेमतेम दीड-दोन भाग. म्हणजे बघा, आमच्या थाळीत जो कापूर रुसला होता, त्यावरच एका लॉर्डनं १८९० मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

जानेवारी १८९१ मध्ये अ‍ॅग्नेसनं धीर करून रॅलेंना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. तसदीबद्दल माफी मागून सुरुवात केली, आणि मग आपली सगळी मोजमापं मांडली. रॅलेंच्या पत्नीनं पत्राचं इंग्रजी केलं. रॅलेंनी काय करावं? मोठा माणूस, त्याच विषयावरचं काम, समोर एक अनोळखी बाई. हे पत्र टेबलाच्या खणात गेलं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण त्यांनी ते 'नेचर' या साप्ताहिकाकडे पाठवलं आणि लिहिलं की या बाईंनी घरगुती साधनांनी मोलाचं काम केलं आहे, ते छापा. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र तिच्या नावानं छापून आलं. अ‍ॅग्नेस तेव्हा २९ वर्षांची होती.

इथं आम्हाला थोडं थांबायचं आहे. ही गोष्ट सांगितली की कोणीतरी पटकन म्हणतं, "बघा, घरी बसूनसुद्धा शास्त्रज्ञ होता येतं." आमच्यात यावरून बरीच चर्चा झाली. आम्हाला हे वाक्य पटत नाही. तिनं घरी बसून केलं ते दार बंद होतं म्हणून. त्यानंतरही ती अनेक वर्षं लिहीत राहिली, पण आईवडिलांची सेवा वाढत गेली, तसा प्रयोगांना वेळ उरेना. १९१३ मध्ये भाऊ गेला, मग पहिलं महायुद्ध आलं, मासिकं मिळेनाशी झाली, नजरही अधू झाली. तिला प्रयोगशाळा आणि पगार मिळाला असता तर? याचं उत्तर कुठल्याच वहीत नाही.

पुढची पायरी अमेरिकेत चढली गेली. आयर्विंग लँगम्यूर हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. अ‍ॅग्नेसच्या पात्राची सुधारलेली आवृत्ती त्यांनी वापरली आणि १९१७ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. चरबीतून मिळणाऱ्या आम्लांचे रेणू लांबट, शेपटीसारखे असतात. काही आखूड, काही लांब. पण पाण्यावर प्रत्येक रेणू जागा मात्र सारखीच अडवतो. असं का? ज्वारीचं ताट आठवा. ते गुडघ्याएवढं असो की डोक्याच्या वर गेलेलं, जमिनीवर त्याला जागा तेवढीच लागते, कारण ते उभं असतं. हे रेणूही उभे राहतात! डोकं पाण्याला आवडतं ते पाण्यात, तेलकट शेपूट पाण्याला नको असते ती हवेत वर. त्यांना कोणी ओळीत उभं करत नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीनं वळतो आणि सगळ्यांची मिळून शिस्तबद्ध रांग होते.

लँगम्यूरना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅग्नेसला सत्तराव्या वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. ते पात्र बहुतेक पुस्तकांत लँगम्यूरच्या नावानं आहे. अलीकडे काही जण पॉकेल्सचंही नाव जोडतात.

लँगम्यूरच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट होत्या, आपल्या आजच्या दुसऱ्या बाई. त्यांचे वडील त्याच कंपनीत पेटंटचे वकील होते. कॅथरीनचा जन्म १८९८ चा, आणि जन्माच्या थोडे दिवस आधी घरात शिरलेल्या चोरानं वडिलांना गोळी घातली होती. आईनं मुलांना वाढवलं, शिकवलं. १९१८ मध्ये कॅथरीन त्या प्रयोगशाळेत लागल्या, तिथल्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ. १९२६ मध्ये त्यांनी केंब्रिजहून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. केंब्रिजमध्ये या विषयात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पाण्यावरची रेणूंची रांग काचेवर उचलून आणायची, हे कॅथरीननी साधलं. काचेची पट्टी पाण्यात बुडवायची, वर काढायची. प्रत्येक वेळी एक थर काचेला चिकटतो. पुन्हा बुडवली की दुसरा. सारवणाचा एक हात वाळल्यावर दुसरा देतो, तसं, फक्त इथं प्रत्येक हात एका रेणूएवढा पातळ. १९३५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अ‍ॅग्नेस वारली तेही १९३५ मध्येच.

तीन वर्षांनी कॅथरीननी काचेवर बरोबर ४४ थर चढवले. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. आणि काच जणू नाहीशी झाली! काचेवर उजेड पडला की थोडा परत फिरतो, त्याला आपण चकाकी म्हणतो. इथं थरावरून परतणारा उजेड आणि थराखालच्या काचेवरून परतणारा उजेड एकमेकांना मारतात, चकाकी राहत नाही. तो थर मात्र बोटानंही पुसला जाई, म्हणून बाजारात जसाच्या तसा आला नाही. पुढं टिकाऊ लेप इतरांनी काढले. तुमच्यापैकी कोणाच्या चष्म्याच्या काचा चमकत नसतील, तर त्यामागं हाच विचार आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. पाण्यावर उभ्या रेणूंची दाट रांग असेल, तर खालची वाफ अडेल का? अडते. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात तलावांवर मेणासारख्या एका अल्कोहोलचा असा थर पसरून पाहिला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही १९६० च्या सुमारास बाष्पीभवन रोखणाऱ्या अशा पदार्थांवर संशोधन झालं. शांत हवेत थर काम करतो. पण वारा आला की तो एका काठाला लोटला जातो, जंतू तो खातात, आणि तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा किती असतो ते आम्ही काय सांगावं! टँकरची वाट बघणाऱ्या गावाला हा उपाय पुरा पडला नाही. तरी ज्या पात्रातून ही कल्पना निघाली ते भांडी घासणाऱ्या मुलीनं केलं होतं, हे आम्हाला पाणी शेंदताना आठवतं.

मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की पाण्यावरून उचलून आणण्याचीही गरज नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत विल्यम झिस्मन आणि त्यांच्या साथीदारांनी पाहिलं की, योग्य द्रावणात काच किंवा धातू नुसता बुडवून ठेवला तरी रेणू स्वतःहून त्यावर रांग धरतात. १९८३ मध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधक असलेले रेणू सोन्यावर बसवले. गंधकाला धातूची ओढ असते. आपले चांदीचे पैंजण काळे पडतात तेही हवेतल्या गंधकाच्या वायूमुळेच. या रेणूंचं गंधकाचं टोक सोन्याला घट्ट धरतं आणि शेपट्या साधारण ३० अंशांत एका बाजूला कलून उभ्या राहतात, वाऱ्यानं कललेल्या पिकासारख्या. अशा रेणूंना शास्त्रज्ञ सेंद्रिय रेणू म्हणतात. सेंद्रिय म्हटल्यावर आम्हाला आधी शेणखतच आठवलं होतं, पण इथं अर्थ एवढाच की त्यांचा सांगाडा कार्बनचा आहे. तेल, साबण, साखर, कापूर, सगळे यातच आले. गरोदरपणाच्या तपासणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ना, ती बऱ्याच पट्ट्यांत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते, आणि त्या कणांवरही शरीरातल्यासारखे सेंद्रिय रेणू चिकटवलेले असतात. रेघ लाल दिसते ती सोन्यामुळेच.

पण नक्षी बसते कशी? कोण आधी बसतं, कोण सरकतं? हे डोळ्यांनी पाहणं अवघड, म्हणून ते संगणकावर मांडून पाहतात. आणि इथं तिसरी बाई येते.

१९५३ मध्ये अमेरिकेत पाच जणांनी एक लेख लिहिला. त्यात दोन जोडपी होती. त्यातल्या अ‍ॅरियाना रोझेनब्लूथ यांनी 'मॅनिअ‍ॅक' नावाच्या सुरुवातीच्या संगणकासाठी त्या रीतीचा कार्यक्रम स्वतः लिहिला. वयाच्या २१ व्या वर्षी हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेली ही बाई. त्यांनी २२४ गोल चकत्या एका सपाटीवर मांडल्या, अर्थात संगणकात. आपण गच्चीवर पापड वाळत घालतो तशा. नियम साधा. कुठलीही एक चकती थोडी सरकवून बघायची. दुसरीवर चढली तर जागच्या जागी परत ठेवायची, नाही चढली तर तिथंच राहू द्यायची. मग पुढची चकती. असं हजारो वेळा. माणसाचं आयुष्य संपेल, यंत्राला काही तास लागतात.

चकत्यांच्या जागी एकमेकींना ओढणारे रेणू असले, तर आणखी एक नियम लागतो, आणि तोच या रीतीचा जीव आहे. रेणू अधिक सोयीच्या जागी गेला तर ठेवायचाच. गैरसोयीच्या जागी गेला तरी कधीकधी ठेवायचा. किती वेळा, ते उष्णतेवरून ठरतं. ऐकायला उलटं वाटतं, पण पायलीत धान्य भरताना आपण हेच करतो. नुसतं ओतलं तर मध्ये पोकळ्या राहतात. थोडं हलवलं की दाणे आधी विस्कटतात, मग नीट बसतात. फार हलवलं तर सांडतं. उष्णता म्हणजे रेणूंची पायली हलवणं.

आज पृष्ठभागावरच्या रेणूंसाठी अशी मांडणी करतात तेव्हा ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसते. ठिपके म्हणजे रेणू बसू शकतील अशा जागा. प्रत्येक रेणूला हात किती, तो कुठून दुसऱ्याचा हात धरू शकतो, एवढंच सांगायचं. ट्रायमेसिक आम्ल नावाचा एक रेणू आहे, त्याला तीन हात. ग्राफाइटवर, म्हणजे पेन्सिलीच्या शिशासारख्या पदार्थावर, तो मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोनी जाळी विणतो. गर्दी वाढवली की नक्षी बदलून दाट होते. संगणकावर तीन हातांचे तुकडे सोडून पायली हलवत राहिलं की तीच जाळी हळूहळू दिसू लागते. रांगोळी आहे, काढणारी नाही.

या रीतीला 'मेट्रोपोलिस पद्धत' म्हणतात, पाच लेखकांतल्या पहिल्या नावावरून. अ‍ॅरियानांच्या पतीनं, मार्शल रोझेनब्लूथ यांनी, बऱ्याच वर्षांनी सांगितलं की मेट्रोपोलिस यांचा वाटा मुख्यतः यंत्रावर वेळ मिळवून देण्याचा होता. अ‍ॅरियानांनी मुलं झाल्यावर संशोधन सोडलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्या वारल्या.

त्या गटात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी थाळी राखेनं घासली, तीनदा धुतली, पाणी काठोकाठ भरलं. मग कोऱ्या कागदाची पट्टी आडवी टेकवून एका बाजूकडून दुसरीकडे ओढत नेली आणि पट्टीमागच्या मोकळ्या पाण्यात कापराचा कण टाकला. तो असा सुटला की त्याच आजी मागं सरकल्या. मग त्यांनीच करंगळी केसांना लावली, केसात खोबरेल होतंच, आणि पाण्याला टेकवली. कापूर जागच्या जागी थांबला. आजींनी ते चार वेळा करायला लावलं, प्रत्येक वेळी पाणी बदलून.